साखर कारखान्यांतली वाफेची इंजिनं भंगारात जाण्याआधी (कोल्हापूर)

करवीरकाठ

जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याची भंगार विक्रीची निविदा परवा वाचली. जुने पाईप, गंजलेल्या टाक्या, ट्रॅक्टरचे सुटे भाग, आणि त्या सगळ्याच्या मधोमध एक ओळ: वाफेचे जुने मिल इंजिन, फ्लायव्हील व गिअरसह, जसे आहे जेथे आहे तत्त्वावर, वजनावर विक्री. कारखान्याचं नाव घेत नाही, कारण ही गोष्ट त्या एकाच कारखान्याची नाही. राज्यात जिथे जिथे मिलला, म्हणजे ऊस पिळणाऱ्या रोलरना, मोटारी बसल्या, तिथे तिथे ही ओळ कधी ना कधी छापली गेली आहे.

माझा धंदा फाउंड्रीचा. उद्यमनगरात आमच्या शेडमध्ये अशा इंजिनांचे भाग ओतायला यायचे आणि वडिलांबरोबर मीही कारखान्यात मापं घ्यायला जायचो. परदेशी बनावटीच्या इंजिनाची पिस्टन रिंग तुटली तर ती तिकडून यायला अख्खा हंगाम गेला असता. मग कोल्हापूरचा पॅटर्नमेकर लाकडात नमुना करायचा, आम्ही बीड (ओतीव लोखंड) ओतायचो आणि कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये तो तुकडा लेथवर चढायचा. म्हणजे ही इंजिनं परदेशातून आली खरी, पण ती चालती ठेवली इथल्या हातांनी.

ज्यांनी ती पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आडवं इंजिन. सिलिंडरची उष्णता धरून ठेवायला भोवती लाकडी पट्ट्यांचं वेष्टण आणि त्यावर पितळी पट्टे. वर पितळी लुब्रिकेटर. त्याच्या काचेत पाणी भरलेलं असायचं आणि तेलाचा थेंब खालून वर चढत जाताना दिसायचा. थेंब पडायचा नाही, चढायचा. लहानपणी मी तेवढंच बघत उभा राहायचो. पुढे क्रॉसहेड, कनेक्टिंग रॉड, क्रँक आणि दोन पुरुष उंचीचं फ्लायव्हील. बाजूला गव्हर्नरचे दोन गोळे. गव्हाणीतून, म्हणजे ऊस टाकायच्या जागेतून, ऊस कमी आला, इंजिन हलकं होऊन पळायला लागलं, की गोळे बाहेर फेकले जायचे आणि वाफ आपोआप आखडायची. इंजिन मिनिटाला पन्नास-साठ फेरे घेणार, रोलरला मात्र चार-पाचच फेरे हवेत. म्हणून मधे बिडाच्या दातेरी चाकांच्या दोन जोड्या. पाळीवरचा फिटर येता-जाता बेअरिंगवर पंजा टेकवायचा आणि धगीवरून सांगायचा, अजून चालेल की थांबवायचं.

कोल्हापूर आणि ऊस म्हटलं की आधी गूळ येतो. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवली ती गुळाच्या पेठेसाठी. राधानगरीच्या धरणाचं कामही त्यांच्याच काळात सुरू झालं. साखर कारखानदारी त्यानंतरची. १९३२ मध्ये साखरेला आयात जकातीचं संरक्षण मिळालं आणि देशात जेमतेम तीसेक कारखाने होते ते चार-पाच वर्षांत सव्वाशेच्या पुढे गेले. त्याच लाटेत, राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, कसबा बावड्यात कोल्हापूर शुगर मिल उभी राहिली. आजचा छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखाना. पुढे प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकाराची वाट घालून दिली, १९५० च्या ३१ डिसेंबरला तिथलं पहिलं गाळप झालं. मग आपल्याकडे पंचगंगा, वारणा, भोगावती, कुंभी-कासारी, बिदरी असे कारखाने उभे राहिले. या जिल्ह्याचं राजकारण, शाळा-कॉलेजं, दूध संघ, अगदी लग्नाच्या तिथीसुद्धा त्या हंगामाभोवती फिरल्या. देवळं, किल्ले आणि राजवाडे जपायचे हे आपल्याला कळतं. ज्या यंत्रानं गेल्या शंभर वर्षांचं कोल्हापूर घडवलं, ते मात्र आपण किलोवर विकतो.

‘जुनं, वाफ खाणारं यंत्र’ असं म्हणून त्याला मोडीत काढतात, त्याबद्दल थोडं सांगायचं आहे. उसाचा रस काढल्यावर जो बगॅस उरतो, तो उसाच्या वजनाच्या साधारण २८ ते ३० टक्के, आणि त्यात निम्मं पाणी. तोच बॉयलरला जातो, बॉयलरची वाफ इंजिनाला. इंजिनात काम करून दाब उतरलेली वाफ बाहेर पडते, ती फुकट जात नसे. ती इव्हॅपोरेटरच्या पहिल्या भांड्यात रस आटवायला जायची. पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्याला तापवणार, दुसऱ्याची तिसऱ्याला, आणि शेवटच्या भांड्यात व्हॅक्यूम, म्हणजे रस कमी तापमानाला उकळणार आणि साखर करपणार नाही. एकाच वाफेकडून तीन-चार वेळा काम करून घेण्याची ही रीत नॉर्बर्ट रिलिओ यांनी बसवली. न्यू ऑर्लिन्सचे कृष्णवर्णीय अभियंते, जन्म १८०६, पेटंटं १८४३ आणि १८४६ ची. ज्या मुलखात उसाच्या मळ्यांवर गुलाम राबत होते, त्याच मुलखात. आज आपल्या प्रत्येक कारखान्यात रस आटतो तो त्याच तत्त्वावर.

म्हणून इंजिनानं वाफ जास्त खाल्ली तरी त्या काळात बिघडत नव्हतं. रस आटवायला पुढे ती वाफ लागणारच होती, आणि उरलेल्या बगॅसला भावही नव्हता. हिशेब बदलला तो वीज विकता यायला लागल्यावर. पूर्वीचे बॉयलर दहा-पंधरा किलो दाबाचे, आताचे को-जनचे (एकाच वाफेतून वीज आणि उष्णता दोन्ही घेण्याचे) ८७ नाहीतर ११० किलोचे. वाफेचा प्रत्येक कण टर्बाइनमधून नेऊन वीज करायची आणि मिलला मोटार लावायची, हे आजच्या हिशेबानं बरोबर आहे. मोटारी काढून पुन्हा वाफ आणा असं कुणी म्हणत नाही. पण को-जनची कल्पना मुळात कुठून आली, हे दाखवणारं एकही चालतं उदाहरण आपल्याकडे उरू नये?

बाहेर हे झालेलं आहे. जावामध्ये सोलो शहराजवळ कोलोमादू हा १८६१ चा कारखाना, तिथल्या मंकुनगरा घराण्यानं काढलेला. बंद पडल्यावर बरीच वर्षं ओस होता. २०१८ मध्ये यंत्रं जागेवर ठेवूनच संग्रहालय आणि सभागृह म्हणून उघडला. तैवानमधला चियाओतोऊ हा तिथला पहिला आधुनिक कारखाना. १९९९ मध्ये थांबला आणि आज लोक त्याच्या मिलहाऊसमधून फिरतात. मॉरिशसचा बो प्लाँ १९९९ मध्ये बंद झाला, २००२ मध्ये संग्रहालय झाला. पोर्टो रिकोत ला एस्पेरांझा मळ्यावर १८६१ चं वाफेचं बीम इंजिन अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेनं ऐतिहासिक ठेवा म्हणून जाहीर केलं आहे. हे सगळे आपल्यासारखेच उसाचे मुलूख.

माझं म्हणणं एवढंच: जिल्ह्यात एक तरी संच पूर्ण राहावा. नुसतं इंजिन नको. इंजिन, गिअर, तीन रोलरची एक मिल, आणि जमलं तर तिच्यावरचं छप्पर. काही कारखान्यांच्या गेटासमोर जुना रोलर रंगवून ठेवतात, भोवती हिरवळ आणि कारंजं. त्यातून काहीच कळत नाही. वाफ कुठून आली, कुठे गेली, हे दिसलं तरच ते यंत्र आहे.

कुणाच्या कारखान्यात काय शिल्लक आहे, कुणाच्या घरी जुने फोटो, लॉगबुकं, ड्रॉइंगं आहेत, इथे लिहा.

पॅनवरचा

लेख मनापासून आवडला. मी पॅनमन म्हणून, म्हणजे आटवलेल्या रसातून साखरेचा दाणा धरवणारा म्हणून, रिटायर झालो, त्यामुळे इंजिनापेक्षा पॅनबद्दल बोलतो.

पॅनमधलं काम यंत्रावर कमी आणि माणसावर जास्त होतं. प्रूफ स्टिक आत घालून काढायची, तिच्या खोबणीतला माल काचेवर पसरायचा आणि दिव्यासमोर धरायचा. दाणा धरला का, एकसारखा आहे का, मधे बारीक खोटा दाणा सुटला का, हे त्या काचेवर दिसतं. सिरपची तार अंगठा आणि बोटात बघायची. कुठल्या क्षणी बी सोडायचं हे पुस्तकात वाचून कळत नव्हतं. माझ्या उस्तादांनी मला कितीतरी दिवस नुसतं उभं करून बघायला लावलं, हात लावू दिला नाही.

आता ऑटोमेशन आलं, पडद्यावर आकडे येतात, चांगलंच आहे. पण जुने लोक चाललेत. इंजिन ठेवाल, पण ते कसं सुरू करायचं हे सांगणारा माणूस कुठून आणाल? गार सिलिंडरमध्ये एकदम वाफ सोडली तर आत पाणी साचतं आणि पिस्टनचा दणका बसून कव्हर फुटतं. आधी ड्रेन कॉक उघडे ठेवून सिलिंडर तापवायचा, पाणी पडायचं थांबलं, कोरडी वाफ आली, की मग हळूहळू. हे ज्यांच्या हातात होतं ते सगळे सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांचं बोलणं आधी रेकॉर्ड करा. लोखंड आणखी दोन वर्षं थांबेल.

सव्वाएकर

मी शिरोळ तालुक्यातला ऊस उत्पादक. राग मानू नका, पण स्पष्ट लिहितो.

कायद्यानं ऊस कारखान्याला दिल्यापासून चौदा दिवसांत बिल खात्यावर यायला पाहिजे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात तसं लिहिलंय. दरवर्षी त्यासाठी आम्ही रस्त्यावर उतरायचं, जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला उन्हात बसायचं, आणि कारखान्यानं जुन्या इंजिनाला शेड बांधायची? भंगार विकून चार पैसे येत असतील तर ते सभासदाचेच आहेत. साखरेचा इतिहास आमच्या सातबाऱ्यावरच्या बोज्यात पण आहे, तो कोण जपणार?

इंजिन चांगलं असेल, मी नाही म्हणत नाही. माझे वडील गाडी घेऊन नंबरला थांबायचे तेव्हा मी पण ते बघितलंय. पण खर्च आमच्या खिशातून नको.

करवीरकाठ

@पॅनवरचा, गार सिलिंडरचा मुद्दा तुम्ही मांडलात तो सोन्यासारखा आहे. हे कुठल्याही कॅटलॉगमध्ये मिळणार नाही. तुम्ही स्वतः बोलाल का? मी मोबाईल घेऊन येतो, तुम्ही म्हणाल तिथे.

@सव्वाएकर दादा, राग कशाला? बिलाचा हक्क पहिला, त्यात दुमत नाही. म्हणूनच मी सगळं ठेवा म्हणत नाही. निविदेच्या यादीतून एक संच वगळायचा, बाकी सगळं विकायचं. यंत्र जागेवरून न हलवलं तर लगेच खर्च येत नाही. उलट क्रेन लावून हलवायला येतो. पुढच्या शेडचा, डागडुजीचा पैसा उसाच्या खात्यातून घ्यायचा नाही, हे ठरावातच लिहून घेता येईल. कोल्हापुरात फाउंड्री आणि मशीन शॉपवाले इतके आहेत की बेअरिंग ओतून देणं, रंग, तेल एवढं आम्ही धंद्यातली माणसं आपसात करू.

आणि एक. तुमच्या वडिलांच्या गाडीचा नंबर, तो वजनकाटा, ती रात्रभराची रांग, हेही त्याच गोष्टीत यायला हवं. ते नसेल तर मलाही ते संग्रहालय नको.

ओवरी

मी जुन्या इमारतींच्या संवर्धनाचं काम करते. कायद्याची बाजू आणि व्यवहाराची बाजू दोन्ही लिहिते, कारण उत्साहात बऱ्याचदा चुकीच्या दारावर आपण थाप मारतो.

पुरातत्त्वाचा केंद्रीय कायदा १९५८ चा, त्यात स्मारकाला किमान शंभर वर्षांची अट आहे. आपल्या बहुतेक कारखान्यांचा जन्म १९३० नंतरचा, म्हणजे तिथे आत्ता दार बंद आहे. शहराच्या हद्दीत नगररचना कायद्याखाली हेरिटेज यादी करता येते, पण अशी यादी इमारतीची असते. आतल्या यंत्राचा उल्लेख तिच्यात क्वचित येतो. भिंत वाचते आणि आतून सगळं लोखंड ट्रकमध्ये भरून जातं. कापड गिरण्यांबाबत मुंबईत हेच झालं. आपल्या शाहू मिलकडे बघा. १९०६ साली शाहू महाराजांनी सुरू केलेली गिरणी, दोन दशकांहून जास्त काळ बंद. २०२२ मध्ये स्मृतिशताब्दीच्या वेळी तिथे कार्यक्रम झाले, लोकांनी त्या दगडी इमारती आतून पाहिल्या, सगळे हळहळले. चिमणी उभी आहे, पण भोंगा झाल्यावर आत नेमकं काय चालायचं हे नव्या पिढीला दाखवायला आता काय उरलंय?

औद्योगिक वारशासाठी २००३ मध्ये रशियातल्या निझनी तागिल इथे एक सनद मंजूर झाली. तिच्यात यंत्र, इमारत, परिसर, कागदपत्रं आणि कामगारांचं कौशल्य यांचा एकत्र विचार केला आहे. तुम्ही दोघांनी वर जे लिहिलंय तेच. तिला कायद्याचं बळ नाही, पण संचालक मंडळासमोर ठेवायला तिचा उपयोग होतो.

प्रत्यक्ष कामाच्या दोन गोष्टी, आणि पहिली जिवाशी संबंधित आहे. जुन्या स्टीम पाइपांवर पांढऱ्या गिलाव्यासारखं किंवा दोरीसारखं जे वेष्टण असतं त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता खूप. त्याला हात लावू नका, खरवडू नका, झाडू मारू नका. फोटो काढायला गेलात तरी सुटलेल्या वेष्टणाखाली उभं राहू नका. ते काढायचं काम माहितगार माणसाकडूनच करून घ्यायचं.

दुसरी, पितळ. अशा ठिकाणी चोर येतो तो आधी पितळेसाठी येतो. मेकरची पाटी, गेज, लुब्रिकेटर, व्हॉल्व्हची चाकं. पहिल्याच दिवशी पाटीचा सरळ समोरून, मोजपट्टी ठेवून फोटो घ्या. पाटीवर कंपनी, गाव, नंबर, वर्ष असतं. नंबर मिळाला की मूळ ऑर्डरचा कागद शोधता येतो. ग्लासगोत साखर यंत्रांचे मोठे कारखाने होते, मिरलीस वॉटसन, ए अँड डब्ल्यू स्मिथ, डर्बीत फ्लेचर. पाटी गेली की इंजिन अनाथ होतं, मग त्याच्यासाठी भांडणं फार अवघड जातं.

चुलवाण

गुऱ्हाळवाला आहे, म्हणून दोन ओळी. आमच्याकडे आधी बैलावरचा चरक होता, मग ऑइल इंजिन, मग मोटार. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, पण गुऱ्हाळं दरवर्षी कमी होताहेत. काहिलीत रस उकळताना भेंडीचा चिकट रस घालून मळी काढणारा, पाक कधी उतरायचा ते ओळखणारा गुळव्या आता शोधावा लागतो. पॅनवरचे काका जे दाण्याबद्दल म्हणाले, ते आमच्याकडे पाकाबद्दल. कारखान्याचं काही ठरलं तर शेजारी एक चुलवाण आणि चरकपण ठेवा. कणेरी मठावर गावगाड्याचे पुतळे बघायला लोक एवढ्या लांबून येतात. इथं तर खरा रस काढून दाखवता येईल.

भोंगा

माझं लहानपण कारखान्याच्या कॉलनीत गेलं. बाबा बॉयलर हाऊसला होते. पाळी बदलायच्या भोंग्यावर आई भाकऱ्या थापायला घ्यायची, त्यामुळे आमच्या घरात घड्याळ असूनही कुणी बघत नव्हतं.

मला एक गोष्ट आग्रहानं सांगायची आहे. वारसा म्हटलं की इंजिन, चिमणी, संस्थापकांचा पुतळा एवढ्यावर आपण थांबतो. हंगामात कॉलनीच्या मागच्या माळावर बीड, आष्टी, पाथर्डीकडच्या तोडकऱ्यांच्या कोप्या पडायच्या. पाचटाच्या, आत माणूस वाकूनच शिरणार. आमच्या शाळेतल्या बाई त्या मुलांना वर्गात बसवायच्या; मार्चमध्ये ती मुलं निघून जायची आणि हजेरीपटावर नावांपुढे रेघ पडायची. बायका पहाटे अंधारात कोयता घेऊन निघायच्या, दिवसभर तोडून, मोळ्या बांधून, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या, आणि परत येऊन चूल. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात, म्हणजे बाईच्या कामाचा वेगळा हिशेबसुद्धा नाही.

गव्हाणीत पडलेली प्रत्येक मोळी कुणीतरी बांधली होती. तुमच्या संचात त्या कोपीला जागा असेल तर मी बाबांचे फोटो, त्यांची बॉयलर अटेंडंटची परीक्षा पास झाल्याचं सर्टिफिकेट आणि त्यांच्या नोंदींची वही, सगळं द्यायला तयार आहे. वहीत रोजचा वाफेचा दाब, पाण्याची पातळी, बगॅस ओला होता की सुका, असं पेन्सिलीनं लिहिलेलं आहे.

रंकाळ्यावरून

कोलोमादूला मी कामानिमित्त गेलो होतो, म्हणून सांगतो. आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो आकार. रोलर, गिअर, फ्लायव्हील सगळं जिथल्या तिथे. दालनांना जुन्या विभागांचीच नावं ठेवली आहेत, म्हणजे घाण्याचं दालन, कार्बोनेशनचं, म्हणजे रस साफ करायचं, दालन. एका मोठ्या भागात गाण्याचे कार्यक्रम होतात, खाण्यापिण्याची सोय आहे, आणि तिकिटातून देखभाल निघावी असा प्रयत्न दिसतो.

खटकलं ते हे की सगळं फार चकचकीत केलंय. तेलाचा वास नाही, मळीचा वास नाही. यंत्र थांबलेलंच आहे, फिरत नाही. कामगार कोण होते हे शोधूनही फारसं सापडलं नाही. आपण केलं तर भोंगाताई म्हणतात ते आधी व्हावं.

पुण्यात साखर संकुलात साखर संग्रहालय करायचा निर्णय २०२१ मध्ये झाला होता. ते चांगलंच. पण पुण्यातल्या इमारतीत प्रतिकृती बघणं वेगळं आणि उसाच्या गावात खऱ्या मिलखाली उभं राहणं वेगळं. कोल्हापूरला वर्षभर अंबाबाईच्या दर्शनाला माणसं येतात. त्यांतली थोडी जरी तासभर इकडे वळली तरी पुष्कळ.

करवीरकाठ

@भोंगा, वाचून बराच वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. कोपी आलीच पाहिजे, आणि माहितीफलकावर नाही, खरी. वही फार जपा. स्कॅन करायला कोल्हापुरात सोय होईल, मूळ तुमच्याकडेच राहू द्या. बगॅस ओला की सुका ही नोंद तर फार मोलाची. त्यावर त्या दिवशी किती वाफ धरली ते ठरायचं.

@रंकाळ्यावरून, फिरत्या यंत्राबद्दल. वाफेवरच चालवायचं म्हटलं तर बॉयलर हवा, म्हणजे तपासणी, परवाना, सर्टिफिकेटवाला माणूस, रोजचा खर्च. पण जगभरात जुनी इंजिनं दाबाच्या हवेवर किंवा छोट्या मोटारीनं हळू फिरवून दाखवतात. फ्लायव्हील मिनिटाला दहा फेरे फिरलं, गव्हर्नरचे गोळे हलले, क्रॉसहेड मागेपुढे गेला, तरी शाळेच्या पोराला सगळं कळतं. शिवाय महिन्यातून एकदा फिरवलेलं इंजिन जाम होत नाही. तोपर्यंत ड्रेन कॉक उघडे, सिलिंडरमध्ये तेल, उघड्या पॉलिश भागांवर ग्रीस, आणि वर ताडपत्री नको; ताडपत्रीखाली घाम धरतो आणि गंज वाढतो. वारा खेळता छप्पर हवं. पुराची रेषाही बघावी लागेल. २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं ते प्रत्येकाला माहीत आहे, आणि आपले बरेच कारखाने नदीकाठालाच आहेत.

सव्वाएकर

वाचतोय सगळं. कोप्यांचं बरोबर आहे, आमच्या रानातच पडायच्या.

मी सभासद आहे तो कारखाना निविदावाला नाही, पण आमच्याकडे पण मागच्या शेडमध्ये एक पडलंय. वार्षिक सभा सप्टेंबरअखेर असते. लेखी प्रश्न आधी द्यावा लागतो, आयत्या वेळी माईकवर कुणी ऐकत नाही, हा अनुभव आहे. तुम्ही मसुदा टाका. उसाच्या खात्यातून एक रुपया नाही, हे वाक्य पहिलं पाहिजे. ते नसलं तर मीच विरोधात बोलेन.

करवीरकाठ

दादा, हा मसुदा. मोडतोड करा:

“कारखान्याच्या भंगार यादीतून वाफेचे मिल इंजिन, त्याचे गिअर व त्यास जोडलेली तीन रोलरची एक मिल वगळून ती जागेवरच ठेवावीत. यासाठी ऊस बिलाच्या, ठेवीच्या वा सभासदांच्या कपातीच्या रकमेतून कोणताही खर्च करू नये. खर्च देणगी व श्रमदानातून व्हावा. संचाची मोजमापे, फोटो व मेकरच्या पाटीची नोंद करण्यास इच्छुक अभियंते व विद्यार्थी यांना बंद हंगामात लेखी परवानगी द्यावी. निवृत्त कामगारांच्या मुलाखतींसाठी कामगार संघटनेचे सहकार्य घ्यावे. स्टोअरमधील जुनी ड्रॉइंगे, लॉगबुके व लाकडी पॅटर्न रद्दीत वा जळणात देऊ नयेत.”

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. लाकडी पॅटर्न थंडीत शेकोटीला गेलेले मी पाहिले आहेत.

@ओवरी, परवानगी मिळाली तर मापं घ्यायला कुठून सुरुवात करायची?

ओवरी

पायापासून. इंजिनाचा दगडी-चुन्याचा किंवा काँक्रीटचा पाया, त्यातले बोल्ट, आणि इंजिन, गिअर, मिल यांच्या मध्यरेषा. यंत्र नंतर कधी हलवावंच लागलं तर या मध्यरेषांवरच ते पुन्हा जुळतं. मग छताच्या कैच्या आणि वरची क्रेन. रोलर उचलायची हातक्रेन असेल तर ती संचाचाच भाग धरा. मसुद्यात ‘मिल’च्या पुढे ‘व त्यावरील क्रेन’ घाला. इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं मेमध्ये मोकळी असतात, मी चार-पाच जणांना मापं घ्यायला शिकवते. मास्क आणि हेल्मेटशिवाय कुणालाही आत सोडणार नाही.

पॅनवरचा

बोलायला मी तयार आहे. माझ्याबरोबर दोन मिल फिटर आणि एक इंजिन ड्रायव्हर पण आणतो, तिघेही कसबा बावड्याच्या बाजूलाच राहतात. सकाळी बोलवा, दुपारनंतर एकाला ऐकू कमी येतं.

मसुद्यात एक भर घाला. इंजिन, गिअर, मिल, क्रेन झालं, पण एक्झॉस्टचा पाइप राहिला. इंजिनापासून इव्हॅपोरेटरच्या पहिल्या बॉडीपर्यंत (भांड्यापर्यंत) जो जाड पाइप जातो तो भंगारवाला सगळ्यात आधी कापतो, कारण तो मोकळा असतो आणि कापायला सोपा. तो गेला की वाफ पुढे कुठे जायची हे दाखवता येणार नाही. पाइप आणि पहिली बॉडी, दोन्ही नावानं लिहा. वरच्या वेष्टणाचं ताई म्हणतात तसं बघू.